पुस्तकातले आणि पडद्यावरचे

वाचकहो, आजचा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. आपल्या आवडत्या पुस्तकावर कोणी सिनेमा काढला आणि त्यात गोष्ट बदलली, तर त्याने चूक केली का? तो सिनेमा मित्रांबरोबर पाहताना, ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्याशी आपण कसे वागावे? थोडे खोलात गेले की लक्षात येते, की हा प्रश्न निष्ठेचा आहे. ज्यावर आपले प्रेम आहे ते दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे, देताना काय जपावे आणि काय सोडून द्यावे, हा तो प्रश्न. आईवडील मुलांना श्रद्धा देतात, आजी नातवंडांना गोष्टी देते, जुना कारागीर नव्या पोराला हुन्नर देतो. त्या प्रत्येक वेळी हाच प्रश्न उभा राहतो.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये भेटीगाठी शिफ्टवर ठरतात, हे वेगळे सांगायला नको. एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची थर्ड, तिसरा कंपनीच्या बसने चाकणला जातो तो रात्री आठला घरी येतो. पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, तर शाळा आणि बँकांना रविवारी. तरीही आम्ही पाच मित्रांनी लागोपाठ तीन गुरुवारच्या संध्याकाळी मोशीला एकाच्या घरी जमायचे ठरवले आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे हिंदी आवाजात पाहिले. तिन्हींची मिळून लांबी सव्वानऊ तासांच्या आसपास आहे. एका बैठकीत ते होण्यासारखे नव्हते.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांची ही कादंबरी १९५४-५५ साली तीन खंडांत निघाली. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे. फ्रोडो नावाच्या एका छोट्याशा जीवाकडे एक अंगठी येते. जो ती बाळगील त्याला ती अफाट सत्ता देते आणि आतून पोखरून टाकते. चांगल्या कामासाठी वापरू म्हणणाऱ्यालाही ती सोडत नाही. म्हणून ती दूरच्या एका ज्वालामुखीत नेऊन नष्ट करायची आहे. फ्रोडोबरोबर सॅम हा त्याचा माळी जातो. वाटेत त्यांना गॉलम भेटतो. पूर्वी ती अंगठी त्याच्याजवळ होती आणि ती कवटाळून बसल्यामुळे त्याचे माणूसपण झिजून गेले आहे. पीटर जॅक्सन यांनी या कादंबरीवर २००१, २००२ आणि २००३ साली तीन सिनेमे काढले. तिसऱ्याला ११ ऑस्कर मिळाले.

आमच्यातल्या एकाने हे पुस्तक इंग्रजीत दोनदा आणि मराठीत एकदा वाचले आहे. दुसऱ्या एकाने दहावीनंतर शाळा सोडली. तो ठेकेदाराकडून प्रेस शॉपमध्ये काम करतो आणि वर्तमानपत्राशिवाय काही वाचत नाही. दुसऱ्या गुरुवारी तो थर्ड शिफ्ट करून, जेमतेम तीन तास झोपून आला होता. सिनेमा चालू असताना वाचलेला मित्र दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "पुस्तकात असे नाही." पाचव्या की सहाव्या वेळी तो प्रेस शॉपवाला उठला. म्हणाला, "अरे, मग तुम्हीच बघा. मला पुस्तक वाचणे जमले नाही म्हणून मी सिनेमाही नीट बघायचा नाही का?" घरात एकदम शांतता झाली. वहिनींनी चहा आणला म्हणून तो थांबला, एवढेच.

त्या रात्री दोघांपैकी कोण बरोबर होता, यावर आमचा पुढचा आठवडाभर फोनवर वाद चालला. तो वाद आम्हाला बराच लांब घेऊन गेला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

कल्पित गोष्ट म्हणजे खोटे का?

सुरुवातीलाच एक शंका दूर करू या. आपल्यातल्या काही पालकांना अशा सिनेमांची काळजी वाटते. जादू, राक्षस, बोलणारी झाडे हे सारे ख्रिस्ती घरात कशाला, असे ते विचारतात. काळजी रास्त आहे. जादूटोणा, भविष्य पाहणे, करणी यांना आपल्या धर्मशिकवणुकीत स्पष्ट मनाई आहे. मात्र मनाई का आहे तेही पाहिले पाहिजे. देवावर भरवसा ठेवण्याऐवजी एखादी गुप्त शक्ती ताब्यात घेऊन जगावर आणि इतरांवर हुकमत चालवण्याची ती हाव आहे. टॉल्किनच्या गोष्टीतली अंगठी म्हणजे नेमकी हीच हाव, आणि सगळी गोष्ट ती अंगठी नष्ट करण्याची आहे.

राहिली बोलणारी झाडे. जुन्या करारात शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना एक गोष्ट सांगतो. झाडे स्वतःसाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात. आपले फळ द्यायचे सोडून कोण राजा होईल? शेवटी काटेरी झुडूप तयार होते. झाडे बोलत नाहीत हे योथामला ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यांनाही. तरी खुर्चीसाठी कोण पुढे येतो, हे त्या गोष्टीने जसे सांगितले तसे साध्या भाषणाने सांगता आले नसते. दावीद राजाला त्याचे पाप दाखवताना नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली. उधळ्या पुत्राचे घर कोणत्या गावी होते हे कोणी विचारत नाही. गोष्ट घडलेली नसूनही खरी असू शकते, हे प्रभू येशूचे दाखले ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना शिकवावे लागू नये.

याच मुद्द्यावर १९३१ सालच्या सप्टेंबरमध्ये एका रात्री ऑक्सफर्डला टॉल्किन आणि त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांचे उशिरापर्यंत बोलणे झाले. ह्यूगो डायसन हे तिसरे मित्रही होते. लुईस यांचा तोपर्यंत देवावर विश्वास बसला होता, ख्रिस्तावर नव्हता. जुन्या पुराणकथा सुंदर असल्या तरी शेवटी खोट्याच, असे त्यांचे मत. टॉल्किन यांचे म्हणणे असे, की त्या कथांत सत्याची तिरीप असते आणि ख्रिस्ताची कथा ही प्रत्यक्ष घडलेली तशी कथा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. पुढे लहान मुलांसाठी नार्नियाची पुस्तके लिहिणारे ते हेच.

टॉल्किन स्वतः कॅथलिक होते. त्यांच्या विधवा आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात काढून घेतला. १९०४ साली ती वारली. टॉल्किन तेव्हा बारा वर्षांचे होते. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी पालक म्हणून दोन्ही भावांचा सांभाळ केला. आपले पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी १९५३ साली एका येशूसंघीय मित्राला कळवले होते. पुस्तकात देवळे नाहीत, प्रार्थनाही फारशा नाहीत. पण कालगणना पाहिली तर अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च आहे. देवदूताने पवित्र मरियेला निरोप दिला तो सण आपण त्याच दिवशी पाळतो. मित्रमंडळ अंगठी घेऊन निघते तो दिवस २५ डिसेंबर. सिनेमात या तारखा येत नाहीत.

पडदा काय देतो आणि काय घेतो

आमच्या वाचलेल्या मित्राची तक्रार पोकळ नव्हती. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिले होते. त्यात त्यांनी साधारण असे मांडले, की गोष्टीत नुसता 'डोंगर' शब्द आला, तर प्रत्येक वाचक आपण पाहिलेल्या डोंगरांतून स्वतःचा डोंगर उभा करतो. चित्र किंवा नाटक मात्र एकच डोंगर समोर ठेवते. हे आपल्याला लगेच पटेल. 'डोंगर' म्हटले की संगमनेर-अकोल्याकडून आलेल्यांना सह्याद्रीची रांग दिसते, वसईकरांना तुंगारेश्वर दिसतो आणि इथेच जन्मलेल्या पोरांना देहूजवळचा भंडारा किंवा निगडीची दुर्गा टेकडी. सिनेमा पाहिल्यावर सगळ्यांनाच न्यूझीलंडचा डोंगर दिसू लागतो, कारण जॅक्सन यांनी चित्रीकरण तिथे केले. एकदा पाहिलेला चेहरा मनातून पुसता येत नाही.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहू आपल्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. भक्तचरित्रांतून आणि कीर्तनांतून लोक पिढ्यान्‌पिढ्या जी कथा ऐकत होते, ती शेवटच्या विमानासकट पडद्यावर उतरली. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली होती. पुढे कितीतरी लोकांच्या मनात तुकोबा म्हणजे पागनीसांचा तो चेहरा, असे होऊन बसले. हा लाभ की तोटा? ज्याला अभंगांतून स्वतःचे तुकोबा भेटले होते, त्याचे काहीतरी हरवले. ज्याला अभंग कधी भेटलेच नव्हते, त्याला तुकोबा भेटले.

या प्रश्नाशी ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपांनी लोक चित्रांची पूजा करतात म्हणून चर्चमधली चित्रे फोडली. पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना लिहिले, की पूजा थांबवलीत ते बरे केलेत, चित्रे फोडलीत ते बरे केले नाहीत. वाचू शकणाऱ्याला जे अक्षरांतून मिळते ते न वाचणाऱ्याला चित्रातून मिळते, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पोपमहोदयांनी न वाचणाऱ्याला कमी लेखले नाही. ग्रंथ सर्वांचा आहे आणि त्याच्याकडे जायला एकाहून अधिक दरवाजे आहेत, हे त्यांनी जपले.

आमच्यातल्या जे नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर) खेड्यांतून आले, त्यांना असा एक दरवाजा आठवतो. 'दयासागर' हा १९७८ सालच्या मूळ तेलुगू सिनेमाचा हिंदी अवतार. प्रभू येशूच्या जीवनावरचा तो सिनेमा मिशनच्या आवारात पांढरा पडदा बांधून दाखवला जाई. म्हाताऱ्या बाया क्रूसाच्या प्रसंगाला पदराने डोळे पुशीत. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या शेजारी बसून "शुभवर्तमानात असे नाही" म्हणण्याची हिंमत कोणी केली असती का?

आणखी एक गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता येईल. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पाहता पाहता त्यांच्या मनापुढे कृष्ण आणि राम उभे राहू लागले. आपल्या कथाही अशा पडद्यावर याव्यात असे त्यांना वाटले. पत्नी सरस्वतीबाई यांना घेऊन ते तो पुन्हा पाहायला गेले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी असा एका ग्रंथाचा सिनेमा आणि तो कोणाला तरी सोबत घेऊन पाहण्याची ओढ आहे.

निष्ठा कशाशी?

तर मग सिनेमावाल्याने काहीही बदलावे का? इथे आमच्यातल्या तिसऱ्या मित्राने वादाला वळण दिले. तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तो म्हणाला, "ड्रॉइंगवरची सगळी मापे सारखी नसतात. काही मापे क्रिटिकल असतात. तिथे दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी जॉब रिजेक्ट. काही मापांना अर्धा मिलिमीटर टॉलरन्स असतो. तिथेही भांडत बसलो तर दिवसाला एकही जॉब बाहेर पडायचा नाही. क्रिटिकल माप कोणते? ज्याच्यावर त्या पार्टचे काम अवलंबून आहे ते."

आम्हाला वाटते, हे माप पुस्तकांनाही लागते आणि इतर पुष्कळ गोष्टींनाही.

सिनेमात टॉम बॉम्बाडिल हे गमतीदार पात्र गाळले आहे. वाचकाला हळहळ वाटते, पण गोष्टीचे काम अडत नाही. गॉलमला मारून का टाकले नाही, असे फ्रोडो विचारतो आणि गॅण्डाल्फ त्याला दयेचे मोल सांगतो. हा संवाद पुस्तकात सुरुवातीला फ्रोडोच्या घरी होतो, तर सिनेमात पुढे, एका अंधाऱ्या खाणीत. जागा बदलली, गाभा तोच राहिला. इथेही टॉलरन्स आहे.

फॅरामीरचे मात्र तसे नाही. पुस्तकातल्या या सरदाराच्या हाती अंगठी आयती येऊ शकते आणि तो ती घेत नाही. सिनेमात तो फ्रोडोला पकडून आपल्या वडिलांकडे न्यायला निघतो आणि बऱ्याच उशिरा त्याला सोडतो. पटकथाकारांनी कारण दिले, की एवढ्या भयंकर अंगठीला एखादा माणूस सहज नकार देतो असे दाखवले, तर तिची भीती राहणार नाही. कारण नाटकाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण विचार करा. आपण अशा शहरात राहतो जिथे माल पास करण्यासाठी, टेंडरसाठी, नोकरी लावण्यासाठी पाकीट पुढे येते. "सगळेच घेतात" हे वाक्य आपण रोज ऐकतो. अशा ठिकाणी पाकीट समोर येताच नकार देणारा माणूस असू शकतो, हे मुलांना कुठेतरी दिसायला हवे. डगमगून सावरणाऱ्याची गोष्टही हवीच, आपण बहुतेक त्याच जातीचे. पण पहिल्यालाच नाही म्हणणारा दिसेनासा झाला, तर तसा माणूस असतो हा विश्वासही जातो. वाचलेल्या मित्राने पाच-सहा वेळा टोकले, त्यांतली निदान ही एक हरकत क्रिटिकल मापावर होती.

दुसरे क्रिटिकल माप शेवटी येते. पुस्तकात ज्वालामुखीच्या काठावर फ्रोडो हरतो. अंगठी टाकण्याऐवजी तो ती स्वतःची म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याचे बोट चावून अंगठी हिसकावतो आणि आनंदाने नाचताना पाय घसरून आगीत पडतो. त्याला कोणी ढकलत नाही. बिल्बोने, फ्रोडोने आणि अगदी शेवटच्या चढावर सॅमनेही गॉलमला जीवदान दिले होते. त्या दयेमुळेच, सगळ्यांचे बळ संपल्यावरही काम पुरे होते. सिनेमात फ्रोडो गॉलमवर झेप घेतो, झटापट होते आणि त्या झटापटीत गॉलम पडतो. फरक दोन-चार सेकंदांचा आहे. पण पुस्तकात माणूस आपल्या ताकदीने वाचत नाही. पूर्वी केलेली दया आणि वरून आलेली कृपा त्याला वाचवते. सिनेमात यातले थोडे झटापटीच्या वाट्याला जाते.

हेच माप आता आपल्या घरच्या गोष्टीला लावून पाहू. दर नाताळला आपले तरुण गोठा उभारतात. त्यात बैल आणि गाढव असतात. संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतात, बैल-गाढवाचा करीत नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले. संत मत्तय यांनी ज्ञानी लोक तीन होते असे कुठेही म्हटलेले नाही, भेटी तेवढ्या तीन आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो या गावी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. गावकऱ्यांना तो जन्म डोळ्यांनी पाहता यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आपल्या गोठ्यांत तर विहीर, पाणचक्की आणि कधी कधी शिवनेरीसारखा किल्लाही असतो. कोणाची हरकत नसते. पण उद्या कोणी गव्हाण काढून तिथे सोन्याचे सिंहासन ठेवले तर? बाकी सगळे ग्रंथाबरहुकूम असले तरी तो जॉब रिजेक्ट झाला पाहिजे, कारण देव गरिबांत जन्माला आला हे तिथले क्रिटिकल माप आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! पुराणे ऐकत वाढलेल्या लोकांना त्यांनी बायबलमधली कथा ओवीत दिली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला. ग्रंथाचे रूप पुष्कळ बदलले. मात्र ख्रिस्ताचा क्रूस आणि पुनरुत्थान यांना धक्का लावला नाही. भाषा, छंद आणि चाल यांत ते उदार होते, गाभ्यात ते कडक होते. आपली मराठी प्रार्थना अशा उदार आणि कडक माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

'माझे' पुस्तक

आता त्या गुरुवारच्या भांडणाकडे पाहू. वाचलेल्या मित्राच्या सहा हरकतींपैकी एखाद-दुसरी क्रिटिकल मापावर असेल, तरी ती सांगायची वेळ आणि रीत हा वेगळा प्रश्न राहतो. चार जण एकत्र बसून एक गोष्ट पाहतात तेव्हा ती गोष्ट चौघांची असते. त्यातला एक जण ती पुन्हा पुन्हा आपल्याकडे ओढू लागला, की बाकीचे पाहुणे होतात. पुस्तकावरचे प्रेम आणि पुस्तकावरची मालकी यांत अंतर फार थोडे आहे. प्रेम म्हणते, तूही ये, बघ. मालकी म्हणते, तुला काय कळणार. गंमत अशी, की ज्या पुस्तकासाठी भांडण झाले ते पुस्तकच मुळी 'माझे, माझे' म्हणत एखादी वस्तू कवटाळली की काय होते हे सांगते.

तिसऱ्या गुरुवारी प्रेस शॉपवाला मित्र येईल की नाही, याची आम्हाला खात्री नव्हती. तो आला. शेवटच्या चढावर फ्रोडोला पाऊल उचलवेनासे होते आणि सॅम त्याला पाठीवर घेतो, तो प्रसंग चालू होता. हा मित्र हळूच म्हणाला, "हे बरोबर दाखवलंय." मग थोडा थांबून म्हणाला, "आमच्या अण्णांना झटका आल्यापासून मी रोज असाच उचलतो. ते म्हणतात, मला टाकून दे. ज्याला उचलतात त्याला जास्त लाज वाटते. उचलणाऱ्याला फक्त वजन." घरात कोणी काही बोलले नाही. तीनदा पुस्तक वाचणाऱ्याने नंतर सांगितले, की त्या पानावर तो नेहमी सॅमच्या बाजूने वाचत आला. फ्रोडोच्या लाजेकडे त्याचे लक्ष कधी गेले नव्हते.

याचा अर्थ वाचन फुकट आहे असा मुळीच नाही. सिनेमा संपल्यावर त्या मित्रानेच विचारले, "पुस्तकात इथे काय आहे?" मग वाचलेल्याने गॉलमचे पडणे पुस्तकात कसे आहे ते सांगितले, आणि दोघे रात्री साडेअकरापर्यंत त्यावर बोलत बसले. दया केल्यामुळे काम झाले की नशिबाने झाले, यावर त्यांचे एकमत झाले नाही. तेच "पुस्तकात असे नाही", पण विचारल्यावर सांगितले तेव्हा ते घरात आलेल्याला बसायला पाट दिल्यासारखे झाले.

तर आम्हाला असे वाटते. मूळ ग्रंथ जाणणाऱ्यावर दोन कर्तव्ये आहेत आणि ती दोन्ही एकदम पाळायची आहेत. गाभ्याचे माप त्याने सोडू नये. मित्राला वाईट वाटेल म्हणून फॅरामीरचे काहीच बिघडले नाही, असे म्हणणे हा खोटेपणा ठरेल. आणि आपले जाणणे त्याने दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरू नये. पहिले सोडले तर गोष्ट पातळ होत होत नाहीशी होते. दुसरे सोडले तर गोष्ट टिकते, पण ऐकायला कोणी उरत नाही. आपल्या घरांत श्रद्धेची जी ने-आण चालते, तिलाही हे तंतोतंत लागू आहे. कितीतरी तरुण चर्चपासून दूर गेले ते शिकवण कडक होती म्हणून नव्हे. प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी "तुला काय कळते" म्हणाले, म्हणून.

सुट्टीत मुलांना असा एखादा सिनेमा दाखवणार असाल, तर एवढे करून पाहा. सिनेमा चालू असताना पालकांनी बोलू नये. संपल्यावर ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याला आधी विचारावे, तुला काय दिसले? त्याचे पूर्ण ऐकावे. मग ज्याने वाचले आहे त्याने सांगावे, पुस्तकात काय वेगळे आहे आणि त्या फरकाने काय बदलते. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवावे, यातले कोणते माप क्रिटिकल होते. पुस्तक घरात असेल तर तेवढे पान मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचायला जमत नाही अशा आजी-आजोबांनाही जवळ बसवावे. हाच प्रयोग रविवारच्या शुभवर्तमानावरही करता येईल. मिस्सा संपल्यावर, जेवणाच्या ताटावर, आज कोणी काय ऐकले एवढे विचारले तरी पुरे.